लिंबाची पानं दरवर्षी पिवळी पडतात? खत घालण्याआधी एवढं तपासा

कागदी लिंबाचं झाड, गच्चीवर मोठ्या कुंडीत किंवा घरामागच्या परसात. नवी पालवी फुटते तीच फिकट. पान पिवळं आणि त्यात शिरांचं तेवढं हिरवं जाळं. कृषी सेवा केंद्रातून सूक्ष्म अन्नद्रव्यांची पुडी आणून फवारली की पंधरा-वीस दिवसांत पानं हिरवी होतात. पुढची पालवी मात्र पुन्हा पिवळीच येते. मग कोणी युरिया सुचवतं, कोणी एप्सम सॉल्ट, कोणी अंड्याची टरफलं, कोणी चुलीतली राख. हे सगळं करूनही दोन-तीन वर्षांत शेंडे वाळायला लागतात, लिंबं सुपारीएवढी असतानाच गळतात आणि शेवटी झाड उपटलं जातं.

पुण्यात, नाशकात, सोलापुरात, छत्रपती संभाजीनगरात ज्यांनी घरी लिंबू लावलंय त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं हे दुखणं आहे. उपटलेल्या या झाडांमधली पुष्कळशी वाचण्यासारखी असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडच्या मातीत लोह कमी आहे म्हणून पानं पिवळी पडतात, हा समज आधी सोडायला हवा. दख्खनची माती काळ्या बेसाल्ट खडकापासून बनलेली आहे आणि त्यात लोह भरपूर असतं. अडचण असते ती लोह उचलण्याची. मुळी खराब झालेली असते, नाहीतर मातीतल्या चुन्याने लोह बांधून ठेवलेलं असतं. पुष्कळदा दोन्ही. म्हणून वरून फवारलेलं लोह त्या पालवीपुरतं काम करतं आणि पुढच्या पालवीला मुळांकडून काहीच मिळत नाही.

पिवळं पान झाडावर कुठे आहे?

लोह, जस्त आणि मँगनीज एकदा पानात गेलं की झाडाला ते तिथून दुसरीकडे नेता येत नाही. त्यामुळे यांची कमतरता नव्या पानांवर दिसते. नत्र आणि मॅग्नेशियम झाड जुन्या पानांतून काढून कोवळ्या पालवीला देतं, म्हणून त्यांची कमतरता जुन्या पानांवर दिसते. फांदीच्या टोकाचं पान पिवळं की बुडाकडचं, एवढं पाहिलं तरी निम्मं निदान होतं.

टोकाचं पान पिवळं, शिरा बारीक पण स्पष्ट हिरव्या आणि पानाचा आकार नेहमीचा, तर ते लोह. उसात याच रोगाला शेतकरी केवडा म्हणतात. पान लहान आणि निमुळतं, पानांमधलं अंतर कमी झालेलं, शिरांच्या मध्ये पिवळे पट्टे, तर ते जस्त. चुनखडीच्या मातीत ही दोन्ही लक्षणं एकाच झाडावर सापडतात, कारण दोघांनाही अडवणारी गोष्ट एकच असते.

जुनी पानं सरसकट फिकट होऊन गळत असतील तर नत्र कमी पडतंय. जुन्या पानाच्या कडा पिवळ्या आणि देठाकडे हिरव्या रंगाचा उलटा व्ही उरलेला, तर मॅग्नेशियम. पानाचं टोक आणि कडा करपलेल्या असतील तर तो क्षारांचा मारा.

आणखी एक खूण फार कमी लोक बघतात. पानाची मधली शीरच पिवळी पडते आणि बाकीचं पान बराच काळ हिरवट राहतं, म्हणजे लोहाच्या अगदी उलट. असं दिसलं की खताची पिशवी बाजूला ठेवा. ते झाड मुळं कुजल्याचं किंवा बुडख्याची साल खराब झाल्याचं सांगतंय.

थंडी सरताना, जानेवारी-फेब्रुवारीत, जुनी पानं थोडी पिवळी होऊन गळली आणि मागोमाग नवी पालवी व कळी आली, तर काहीही करू नका. लिंबाचं पान साधारण वर्ष-दोन वर्षं जगतं आणि आंबिया बहाराच्या, म्हणजे या दिवसांतल्या फुलोऱ्याच्या, आधी जुनी पानं झडणं स्वाभाविक आहे.

आता मुळी बघा

कुंडी असेल तर ती आडवी करून मातीचा गोळा अलगद बाहेर काढा. झाड जमिनीत असेल तर खोडापासून हात-दीड हात लांब खुरप्याने वीतभर खणा. अन्न उचलण्याचं काम पांढरी मुळी करते. ती टोकाला पांढरट आणि टणक असेल तर मुळं ठीक आहेत आणि तुम्ही पुढच्या तपासणीकडे जाऊ शकता. मुळं तपकिरी-काळी, मऊ आणि मातीला सडका वास येत असेल तर एक मूळ चिमटीत धरून ओढा. वरची साल मोज्यासारखी निघून आली आणि हातात नुसता दोरा उरला, तर ती मूळकूज आहे. फायटोफ्थोरा नावाची बुरशी मातीत साठून राहिलेल्या पाण्यात वाढते आणि हे करते.

कुंडीतल्या झाडाला ही वेळ आणण्यात कोकोपीटचा मोठा वाटा आहे. निम्म्याहून जास्त कोकोपीट असलेल्या कुंडीत वरचा थर दुपारपर्यंत कोरडा दिसतो, म्हणून आपण रोज पाणी घालतो, आणि तळातलं कोकोपीट महिनोन्‌महिने चिंब राहतं. वरून बोट खुपसून हे कळत नाही. बांबूची काडी तळापर्यंत खोचून पाच मिनिटांनी काढा. खालचा भाग ओला निघाला तर पाणी देऊ नका. कुंडीखाली ताटली असेल तर ती काढा आणि कुंडी दोन विटांवर उचला.

लिंबाला वाफसा हवा. ओल आणि हवा दोन्ही मातीत असावी लागते. जमिनीतल्या झाडाला उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा भरपूर आणि मध्ये विश्रांती, हे रोजच्या शिंतोड्यांपेक्षा कितीतरी चांगलं. पाणी खोडाला टेकू नये म्हणून दुहेरी आळं करतात. खोडाभोवती मातीचं एक लहान कडं, बाहेर मोठं कडं, आणि पाणी दोन्हींच्या मधल्या चरात. हे अर्ध्या तासाचं काम आहे आणि त्याने डिंक्या रोगाचा, म्हणजे बुडख्याची साल कुजून डिंक येण्याचा, धोका बराच कमी होतो.

बुडखाही तपासा. बागेची झाडलोट करताना माती आणि पाचोळा खोडाशी लोटायची सवय सगळ्यांनाच असते. कलमाचं झाड असेल तर जोड मातीच्या वर किमान वीतभर दिसला पाहिजे. तो गाडला गेला असेल तर माती ओढून मोकळा करा. साल फाटून डिंक येत असेल तर तेवढी खराब साल धारदार चाकूने खरवडा आणि बोर्डो मलम लावा. 100 ग्रॅम मोरचूद, 100 ग्रॅम कळीचा चुना, 1 लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करायचं, आणि भांडी प्लॅस्टिकची किंवा मातीची घ्यायची, लोखंडाची नकोत.

कुंडीतली मुळं कुजलेली असतील तर काळी मुळं कापून टाका, वरच्या फांद्याही त्याच प्रमाणात छाटा आणि नव्या मातीत लावा. पुढचे दोन महिने रासायनिक खत पूर्ण बंद. कमी मुळांवर जास्त खत पडलं की उरलेली मुळंही जळतात.

मुळी पांढरी आहे, तरी पानं पिवळी

इथे चुनखडी तपासायची. कोरडी माती चमचाभर बशीत घ्या, त्यावर स्वयंपाकातलं व्हिनेगर ओता आणि कान जवळ न्या. फसफस ऐकू आली किंवा बुडबुडे दिसले तर मातीत मोकळा चुना आहे. काहीच झालं नाही तर चुना नाही किंवा फार थोडा आहे.

लिंबूवर्गीय झाडांना मातीचा सामू (पीएच) साधारण 6 ते 7.5 मानवतो. पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाड्यातल्या चुनखडीच्या जमिनीत तो 8 च्या पुढे असतो. सामू इतका चढला की लोह मातीत असूनही पाण्यात विरघळत नाही, आणि जे विरघळत नाही ते मुळीला मिळत नाही. शहरातल्या बंगल्याभोवती वेगळीच भर पडते. अंगण भरायला बांधकामाचा राडारोडा टाकलेला असतो, वर वीतभर लाल माती पसरलेली. झाडाची मुळं एक-दोन पावसाळ्यांत त्या सिमेंट-चुन्यात उतरतात. "पहिलं वर्ष अगदी हिरवंगार होतं हो, मग काय झालं कळत नाही" असं जेव्हा कोणी सांगतं, तेव्हा मी आधी खड्डा किती खोल घेतला होता आणि खाली काय लागलं होतं, हे विचारतो.

पाणीही चुना आणतं. ज्या बोअरच्या पाण्याने बादलीला आणि नळाच्या तोटीला पांढरा थर चढतो, ते पाणी रोज थोडा थोडा चुना कुंडीत टाकत असतं. चांगल्या मातीत लावलेली कुंडी अशा पाण्यावर दोन-तीन वर्षांत बिघडते. आरओ यंत्रातून बाहेर पडणारं वाया जाणारं पाणी झाडांना घालण्याची पद्धत आता घरोघरी आहे. पाणी वाचवण्याची भावना चांगली आहे, पण त्या पाण्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात. ते फरशी धुवायला वापरा, लिंबाला घालू नका. शक्य तिथे पावसाचं पाणी पिंपात साठवा किंवा नगरपालिकेचं धरणाचं पाणी द्या.

चुना आणि पाणी यांचा एकमेकांशी संबंध आहे, आणि तो कळला की पिवळेपणा ऋतूप्रमाणे का बदलतो हे समजतं. पावसाळ्यात गच्चीवरच्या कुंडीतलं लिंबू पुष्कळदा आपोआप हिरवं होतं, कारण त्याला मऊ पाणी मिळतं आणि साठलेले क्षार धुऊन जातात. त्याच पावसाळ्यात परसातल्या भारी काळ्या जमिनीतलं लिंबू उलट पिवळं पडतं. चुनखडीची माती पाण्याने गच्च झाली की मुळांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड वर निघू शकत नाही. त्याचं चुन्याशी मिळून बायकार्बोनेट बनतं आणि ते लोहाची उचल आणखी रोखतं. या झाडाला औषधाआधी चर हवा. पाणी वाहून जाईल असा फूटभर खोल चर उताराच्या बाजूला काढून द्या, पुढची पालवी बघा आणि मगच खर्च करा.

आता घरगुती उपायांबद्दल स्पष्ट लिहितो, कारण सगळ्यात जास्त नुकसान यातूनच होतं. राख अल्कधर्मी असते. अंड्याची टरफलं म्हणजे जवळजवळ शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनाच. खायच्या चुन्याचं पाणीही तेच. कोकणातल्या आंबट मातीत यांचा उपयोग होईल. देशावरच्या चुनखडीत हे म्हणजे दुखण्यात भर. मातीत गंजके खिळे पुरल्याने काही होत नाही, कारण गंज हे लोहाचं न विरघळणारं रूप आहे आणि तसं लोह मातीत आधीच ढिगाने आहे. एप्सम सॉल्टमध्ये मॅग्नेशियम आहे, लोह नाही. नव्या पानांच्या पिवळेपणावर ते चालणार नाही.

गंधक टाकून सामू उतरवता येतो हे खरं, पण मोकळा चुना असलेल्या मातीत हिशेब करून बघा. 1 ग्रॅम गंधक सुमारे 3 ग्रॅम चुना संपवतं. अठरा इंची कुंडीत 40 किलो माती धरली आणि तिच्यात फक्त 5 टक्के चुना असला, तरी तो 2 किलो होतो. तो संपवायला साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास गंधक लागेल. तेवढं एका कुंडीत घालणं म्हणजे झाड मारणं. कुंडीची माती फसफसत असेल तर ती बदला, हाच स्वस्त आणि कायमचा उपाय.

कुंडीसाठी आणि जमिनीसाठी

कुंडीसाठी माझं मिश्रण असं: दोन भाग लाल माती (तीही व्हिनेगरने तपासलेली), एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग भाताचं तूस किंवा जाडसर धुतलेली वाळू, आणि मूठ-दोन मूठ निंबोळी पेंड. कोकोपीट घालायचंच असेल तर ओंजळभर. वाळूही तपासा, शिंपल्यांचे तुकडे असलेली वाळू म्हणजे पुन्हा चुना. माती बदलायला जूनचा पहिला पाऊस पडून गेल्यानंतरचे दिवस सर्वांत चांगले. मे महिन्यात हे काम काढू नका.

जमिनीतल्या झाडाची माती बदलता येत नाही. तिथे लोह अशा रूपात द्यावं लागतं जे चुन्याला दाद देत नाही. दुकानात चिलेटेड लोह, म्हणजे दुसऱ्या रसायनाने धरून ठेवलेलं लोह, मागितलं की बहुधा ईडीटीए या रसायनातलं मिळतं. ते फवारणीला ठीक, पण सामू साडेसहाच्या वर गेला की मातीत टिकत नाही, लोह सोडून देतं. मातीतून द्यायला ईडीडीएचए (EDDHA) या रसायनातलं लोह हवं. पुडीवर ही अक्षरं वाचून घ्या. भुकटी गडद लालसर-तपकिरी असते, पाणी लालभडक होतं, महाग असते आणि सामू 9 पर्यंतही काम करते. मोठ्या कुंडीला 2 ते 3 ग्रॅम आणि जमिनीतल्या तीन-चार वर्षांच्या झाडाला 15 ते 20 ग्रॅम पाण्यात मिसळून संध्याकाळी आळ्यात द्या, वरून थोडी माती ओढा, कारण उन्हात ते लवकर निकामी होतं. गच्चीच्या फरशीवर सांडलं तर लाल डाग राहतात, तेवढी काळजी घ्या. पालवी फुटायच्या सुमारास, वर्षातून दोनदा दिलं तरी पुरतं.

हा खर्च नको असेल तर जुना मार्ग आहे. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, त्याच्या दहापट ओलसर शेणखतात कालवून आठवडाभर सावलीत मुरवायचं आणि आळ्यात तीन-चार ठिकाणी छोट्या खड्ड्यांत भरायचं. सगळीकडे पसरायचं नाही. सगळ्या मातीशी झुंजण्यापेक्षा चार खड्ड्यांपुरतं लोह मोकळं राहिलं तरी मुळं तिथे शोधत येतात. नुसतं हिराकस मातीवर फेकलं तर काही दिवसांतच त्याचा गंज होतो.

जस्तासाठी फवारणी सोपी आणि पुरेशी. 5 ग्रॅम झिंक सल्फेट आणि अडीच ग्रॅम कळीच्या चुन्याची निवळी 1 लिटर पाण्यात. चुना इथे पान करपू नये म्हणून असतो, मातीत जाण्यासाठी नाही. पालवी पूर्ण आकाराच्या दोन-तृतीयांश झाली की, सकाळी किंवा ऊन उतरल्यावर फवारा. पान जून झालं की त्यावरचं मेण वाढतं आणि फवारणी आत शिरत नाही.

एक गोष्ट मनाशी धरून ठेवा, नाहीतर धीर सुटेल. जी पानं पूर्ण पिवळी होऊन जून झाली आहेत ती बहुतेक हिरवी होणार नाहीत. उपाय लागू पडला की नाही हे फक्त पुढची पालवी सांगते, आणि ती यायला सहा ते आठ आठवडे लागू शकतात. या काळात दुसरा, तिसरा उपाय सुरू केला तर कशाने फरक पडला हे कधीच कळणार नाही.

कोकण आणि गोवा

तिकडच्या जांभ्या मातीत वरचं सगळं प्रकरण उलटं होतं. माती आंबट, लोह मोकळं, आणि धो-धो पावसात मॅग्नेशियम, पालाश, नत्र वाहून जातं. जुन्या पानांवर उलटा व्ही दिसला की पावसाळा संपताना एप्सम सॉल्ट 5 ग्रॅम प्रति लिटर फवारा आणि शेणखत भरपूर द्या. राख इथे चालते.

जे पिवळं दिसतं पण अन्नद्रव्याचं नसतं

पानावर वेड्यावाकड्या चंदेरी रेषा आणि पान वळलेलं, तर ती पानं पोखरणारी नागअळी. रंग गेलेला बघून लोक तिच्यावर लोह फवारतात. चार-दोन कुंड्यांत वळलेली पानं खुडणं आणि नव्या पालवीवर निंबोळी तेल मारणं पुरतं. अळीने केलेल्या जखमांतून खैऱ्या रोग शिरतो. त्यात तपकिरी खरखरीत ठिपका आणि त्याभोवती पिवळं वलय असतं. रोगट फांद्या कोरड्या दिवशी छाटून जाळा आणि कॉपर ऑक्सिक्लोराइड 3 ग्रॅम प्रति लिटर फवारा.

ज्याची खरंच भीती बाळगावी असा पिवळेपणा वेगळा दिसतो. पानाच्या मधल्या शिरेच्या एका बाजूला जसे डाग, तसे दुसऱ्या बाजूला नाहीत. लोह-जस्ताच्या कमतरतेत दोन्ही बाजू सारख्या असतात. ओबडधोबड, असमान पिवळे चट्टे, एखादीच फांदी संपूर्ण पिवळी, फळं वेडीवाकडी, तर तो ग्रीनिंग नावाचा रोग असू शकतो. सायला नावाची बारीक कीड तो पसरवते आणि त्यावर बरं करणारं औषध नाही. कोवळं पान उजेडाकडे धरल्यावर शिरांमध्ये तुटक पारदर्शक रेषा दिसल्या तर ट्रिस्टेझा विषाणूचा संशय घ्यावा, कागदी लिंबावर तो चटकन दिसतो. अशा झाडाचं पान कृषी विद्यापीठाच्या किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या तज्ज्ञाला दाखवा. विदर्भातल्या लोकांना नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था जवळ आहे. निदान पक्कं झालं तर झाड काढावं लागतं, नाहीतर शेजारची मोसंबी, संत्रीही जातात.

पुढचं झाड घेताना

कागदी लिंबाची रोपं बहुतेक बियांपासून केलेली असतात आणि स्वतःच्या मुळांवर उभी असतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं साई शरबती हे वाण घरासाठी चांगलं. चुनखडीची जमीन असेल तर रंगपूर लिंबाच्या खुंटावर (मुळांसाठी वापरलेल्या रोपावर) बांधलेलं कलम मिळतंय का ते विचारा. रंगपूर चुनखडी आणि पाण्याचा ताण जंबेरी या दुसऱ्या खुंटापेक्षा जास्त सोसतो. रोप पिशवीतून काढून मुळं बघू द्यायला नर्सरीवाला तयार नसेल तर दुसऱ्याकडे जा.

व्हिनेगर टाकताच माती जोरात फेसाळली आणि खाली मुरूम-चुनखडीचाच थर असेल, तर त्या जागी लिंबू लावायचा हट्ट करू नका. लिंबू चांगल्या मातीच्या मोठ्या कुंडीत न्या आणि जमिनीत अंजीर किंवा डाळिंब लावा. दोघांनाही चुनखडी सोसते, फक्त बुडाशी पाणी साचू देऊ नका.